बाकीतले १६७ पल्स जातात कुठे? अ‍ॅटॉमिक वाढ-घट, बोर्डापासून लिनक्सपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा. गोकुळ शिरगावच्या एका वर्कशॉपमध्ये कापडाची लांबी मोजणारा बोर्ड तयार केला आहे आणि तो इचलकरंजीत घडी मशीनवर बसवायचा आहे. बोर्डावर एसटीएम३२एफ१०३ ही मायक्रोकंट्रोलर चिप आहे, तिच्यातला प्रोसेसर कॉर्टेक्स-एम३, ७२ मेगाहर्ट्झ. एन्कोडरचा (फिरण्याचे पल्स देणारा सेन्सर) पल्स आला की इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या छोट्या कोडमध्ये, ‘बाकी++’ होतं, आकडा एकने वाढतो. मुख्य लूप सेकंदाला साधारण ५,००० वेळा फिरतो, ‘बाकी’ वाचतो, तेवढे पल्स लांबीत धरतो आणि तेवढेच ‘बाकी’तून वजा करतो. टेबलावर जनरेटरने १० किलोहर्ट्झचे मोजून ६ लाख पल्स दिले, तर दर वेळी दीडशे ते पावणेदोनशे कमी भरतात. आकड्याला सी भाषेतलं ‘व्होलाटाइल’ लावून झालं, फरक पडला नाही. पुढे हाच डेटा रास्पबेरी पाय या छोट्या लिनक्स संगणकावर जातो. तिथे प्रोग्रॅमचे चार थ्रेड (एकाच वेळी चालणारे भाग) एकच बफर, म्हणजे डेटासाठी घेतलेली मेमरी, वापरतात, बफर किती जणांच्या हातात आहे याचा आकडा ठेवलाय, आणि अधूनमधून तोच बफर दोनदा फ्री होऊन, म्हणजे मेमरी दोनदा परत दिली जाऊन, प्रोग्रॅम कोसळतो.

दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे: आकड्यावरचं काम पूर्णपणे अ‍ॅटॉमिक, म्हणजे मध्ये कुणी घुसू शकणार नाही असं एकसंध, नाही. पण औषधं वेगवेगळी आहेत. आधी बोर्ड घेऊ.

सी मध्ये ‘बाकी -= एन’ ही एक ओळ दिसते. प्रोसेसरला मात्र ती तीन कामं आहेत:

एलडीआर आर०, [आर१]
सब आर०, आर०, आर२
एसटीआर आर०, [आर१]

मेमरीतून आकडा रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या जागेत) आणा, वजाबाकी करा, परत लिहा. मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांचा हिशेब एकाच पाटीवर दोन मापाडी ठेवत असतील आणि एकाने पाटी वाचून मनात वजाबाकी करेपर्यंत दुसऱ्याने एक वाढवून लिहिलं, तर पहिला आपला जुना हिशेब त्याच्यावर गिरवतो आणि मधला रवा हिशेबातून जातो. इथे तेच होतं. ‘बाकी’ २ आहे. मुख्य लूपने २ वाचले. तेवढ्यात इंटरप्ट आला, त्याने मेमरीत ३ लिहिले. परत आल्यावर मुख्य लूप २ वजा २ म्हणजे ० लिहितो. एक पल्स गेला.

यात एक गोष्ट नीट बघा. मुख्य लूप इंटरप्टच्या मध्ये घुसू शकत नाही, इंटरप्टच मुख्य लूपच्या मध्ये घुसतो. म्हणून हरवते ती फक्त वाढ, घट कधीच हरवत नाही. तुमचा आकडा नेहमी कमीच भरतो, एकदाही जास्त भरत नाही, ते यामुळे. जास्त भरत असता तर मी आधी एन्कोडरच्या वायरीतला नॉइज बघायला सांगितला असता. चूक कोणत्या बाजूला जाते, ही पहिली खूण, ती कधी सोडू नका.

दुसरी खूण हिशेबाची. एलडीआरने आकडा घेतल्यापासून एसटीआरने लिहीपर्यंतची फट ढोबळ ४ क्लॉकची धरा. ७२ मेगाहर्ट्झला ४ क्लॉक म्हणजे सुमारे ५५ नॅनोसेकंद. ही फट सेकंदाला ५,००० वेळा उघडते, म्हणजे एका सेकंदात एकूण सुमारे २७५ मायक्रोसेकंद उघडी असते, ०.०२८ टक्के वेळ. पल्स कधीही येऊ शकतो, म्हणून तेवढेच टक्के पल्स त्या फटीत पडणार. ६ लाखांचे ०.०२८ टक्के म्हणजे १६७ च्या आसपास. तुमच्या आकड्याशी जुळतं. हा हिशेब करायची सवय फार कामाची आहे. मिनिटाला चार नग मोजणाऱ्या फाउंड्रीतल्या काउंटरवर दिवसाला पन्नास नग कमी येत असतील, तर ते या फटीने होणं जवळजवळ अशक्य आहे. तिथे सेन्सर बघावा, अ‍ॅटॉमिकच्या मागे लागू नये.

‘व्होलाटाइल’ का उपयोगी पडलं नाही? त्याचं काम एवढंच: हा आकडा दर वेळी मेमरीतून खरंच वाच, खरंच लिही, रजिस्टरमध्ये धरून बसू नको. वाचणं आणि लिहिणं यांच्या मध्ये कुणी येऊ नये, हे ते सांगत नाही. इंटरप्टशी वाटून घेतलेल्या साध्या आकड्याला ते लागतंच, पण तेवढ्याने भागत नाही. सी-प्लस-प्लसच्या २०२० च्या मानकात (स्टँडर्ड) तर व्होलाटाइलवर ++ करणंच नापसंत ठरवलंय, ते याच गैरसमजामुळे.

आणि एक. वजाबाकीऐवजी कुणी ‘बाकी = ०’ लिहितात. ते आणखी वाईट. मग फट पहिल्या वाचनापासून शून्य लिहीपर्यंत पसरते आणि मध्ये लांबीचा गुणाकार असला तर ४ क्लॉकच्या जागी शंभर क्लॉक होतात.

आता उपाय. तुमच्या बोर्डासाठी माझं मत स्पष्ट आहे: अ‍ॅटॉमिक सूचना वापरण्याआधी आकड्याची मालकी वाटून टाका. एकाच ‘बाकी’त दोघांनी लिहायचं कारणच नाही. दोन आकडे ठेवा, दोन्ही ३२ बिटांचे, अनसाइन्ड (ऋण न होणारे) आणि व्होलाटाइल. ‘आले’ फक्त इंटरप्ट वाढवणार. ‘धरले’ फक्त मुख्य लूप वाढवणार. बाकी म्हणजे ‘आले − धरले’. प्रत्येक आकड्याला लिहिणारा एकच असला की कुणाचं लिहिणं कुणावर पडत नाही, आणि ३२ बिटांचा नीट अलाइन केलेला (चार बाइटच्या सीमेवरचा) आकडा कॉर्टेक्स-एम३ एका दमात वाचतो. ना इंटरप्ट बंद करावा लागतो, ना लूप फिरवावा लागतो.

लोकांना इथे भीती वाटते ती आकडा भरून परत शून्यावर येण्याची. १० किलोहर्ट्झला ४,२९,४९,६७,२९६ पल्स भरायला जवळजवळ पाच दिवस लागतात, म्हणजे मशीन बंद न करता चालवलं तर पाचव्या दिवशी हे होणारच. पण अनसाइन्ड वजाबाकी तेव्हाही बरोबर येते. ‘आले’ फिरून ३ झाला आणि ‘धरले’ अजून ४,२९,४९,६७,२९४ वर असला, तरी उत्तर ५ च येतं. मात्र ‘आले > धरले का’ अशी तुलना लिहिली असेल तर ती त्या क्षणी फसते. कायम वजाबाकी करा आणि फरक शून्याशी ताडून बघा. साइन्ड इंट वापरला तर आकडा भरून वाहिल्यावर काय व्हावं हे सी भाषा ठरवतच नाही, त्यामुळे साइन्ड नकोच.

याहून सरळ मार्गही त्या चिपमध्येच आहे. टायमर १ ते ४ एन्कोडर मोडमध्ये चालतात. एन्कोडरचे ए आणि बी हे दोन्ही सिग्नल टायमरच्या पिनांना द्या, मोजणी हार्डवेअर करेल, इंटरप्ट लागणारच नाही. टायमर १६ बिटांचा आहे. दर फेरीला तो वाचा, त्यातून मागचं वाचन वजा करा, आणि फरक साइन्ड १६ बिटांत घ्या, म्हणजे कापड मागे सरकलं तरी हिशेब बरोबर राहतो. अट एकच: दोन वाचनांच्या मध्ये ३२,७६७ पेक्षा जास्त मोजणी होता कामा नये. चारपट मोडमध्ये १० किलोहर्ट्झला सेकंदाला ४०,००० होतात, म्हणजे ०.८ सेकंदाच्या आत वाचलंच पाहिजे. तुमचा लूप २०० मायक्रोसेकंदांचा आहे, काळजी नाही.

तरीही खरीच सामाईक वाढ-घट लागते अशी ठिकाणं असतात. वेगवेगळ्या प्रायॉरिटीचे दोन इंटरप्ट एकाच आकड्यात लिहितात, किंवा आरटीओएसचे (छोट्या बोर्डावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) तीन टास्क एका पूलमधले बफर घेतात आणि सोडतात. तिथे कॉर्टेक्स-एम३ वर हे वापरायचं:

पुन्हा:
एलडीआरईएक्स आर०, [आर१]
सब आर०, आर०, आर२
एसटीआरईएक्स आर३, आर०, [आर१]
सीएमपी आर३, #०
बीएनई पुन्हा

एलडीआरईएक्स आकडा वाचतं आणि ‘या जागेवर माझी नजर आहे’ अशी खूण प्रोसेसरच्या मॉनिटरमध्ये करून ठेवतं. एसटीआरईएक्स ती खूण अजून शाबूत असेल तरच लिहितं. लिहिलं तर आर३ मध्ये ०, नाही लिहिलं तर १. इथे ० म्हणजे यश. उलटं धरून लिहिलेला लूप यश मिळाल्यावर परत फिरतो आणि दोनदा वजा करतो. कॉर्टेक्स-एम मध्ये इंटरप्ट सुरू होताना आणि संपताना मॉनिटर आपोआप पुसला जातो, म्हणून मध्ये इंटरप्ट आला की एसटीआरईएक्स हमखास नापास होतं आणि वजाबाकी ताज्या आकड्यावर नव्याने होते.

या दोन सूचनांच्या मध्ये फक्त रजिस्टरमधलं गणित ठेवा. मध्ये दुसरं मेमरी वाचन-लेखन नको, फंक्शन कॉल तर नकोच. आर३ हे रजिस्टर आर० किंवा आर१ शी एक असून चालत नाही. आकडा चार बाइटच्या सीमेवर हवा. मॉडबसची (यंत्रांमधल्या संवादाची पद्धत) फ्रेम म्हणून पॅक केलेल्या, म्हणजे मध्ये मोकळे बाइट न सोडलेल्या, स्ट्रक्चरच्या आत काउंटर ठेवला आणि तो विषम पत्त्यावर गेला, तर साधं एलडीआर चालून जातं पण एलडीआरईएक्स थेट यूसेज फॉल्टमध्ये नेतं. ‘परवापर्यंत चालत होतं, अ‍ॅटॉमिक केलं आणि बोर्ड अडकला’ या तक्रारीत आधी पत्ता तपासावा. डीएमए (प्रोसेसरशिवाय मेमरीत डेटा हलवणारं हार्डवेअर) या मॉनिटरच्या हिशेबातच नाही, त्यामुळे डीएमए जिथे लिहितं तिथे ही जोडी राखण करत नाही.

हातानं असेंब्ली लिहायची गरज सहसा नसते. सी११ मधलं (सी भाषेची २०११ ची आवृत्ती) ‘अ‍ॅटॉमिक_फेच_सब’ घ्या, कंपायलर हाच लूप काढून देतो. त्यात एक बारीक खड्डा आहे. अ‍ॅटॉमिक म्हणून जाहीर केलेल्या आकड्यावर ‘क्ष++’ किंवा ‘क्ष += १’ लिहिलं तर ती एकसंध क्रिया होते. ‘क्ष = क्ष + १’ लिहिलं तर एक अ‍ॅटॉमिक वाचन आणि एक अ‍ॅटॉमिक लेखन अशा दोन सुट्या क्रिया होतात आणि जुनी फट परत उघडते. कोड बघताना डोळ्याला दोन्ही सारखंच वाटतं. म्हणून ऑब्जडंप (तयार प्रोग्रॅममधल्या सूचना दाखवणारं साधन) चालवून त्या फंक्शनमध्ये एलडीआरईएक्स खरंच आलंय का हे बघितल्याशिवाय काम झालं असं समजू नका. पाच मिनिटांचं काम आहे.

उद्या खर्च वाचवायला कॉर्टेक्स-एम० घेतलात तर ही जोडी तिथे नाही. जीसीसी कंपायलर लिंक करताना ‘अ‍ॅटॉमिक_फेच_सब_४ सापडत नाही’ अशा अर्थाची एरर देतो. एम३ वर ६४ बिटांचा अ‍ॅटॉमिक आकडा केला तरी तसंच होतं, फक्त शेवटी ४ च्या जागी ८ येतो. एम० वर इंटरप्ट थांबवूनच काम करावं लागतं, आणि ते असं: आधी प्रायमास्क (इंटरप्ट बंद-चालू ठेवणारं) रजिस्टर वाचून बाजूला ठेवा, मग इंटरप्ट बंद करा, वाढ-घट करा, शेवटी ठेवलेला प्रायमास्क परत लिहा. शेवटी सरळ ‘इंटरप्ट चालू कर’ लिहू नका. ज्याने तुमचं फंक्शन बोलावलं त्याने आधीच इंटरप्ट बंद ठेवले असतील, तर तुम्ही ते त्याच्या नकळत उघडून देता, आणि मग बिघाड तुमच्या फंक्शनमध्ये नाही, त्याच्या कोडमध्ये दिसतो. असे दोष शोधायला आठवडे जातात.

आरपी२०४० या चिपमध्ये तर एम०-प्लसचे दोन कोअर (एकाच वेळी चालणारे प्रोसेसर) आहेत. एका कोअरवर इंटरप्ट बंद केले तरी दुसरा कोअर आपलं काम करतच राहतो. तिथे चिपमधल्या ३२ हार्डवेअर स्पिनलॉकपैकी (एका वेळी एकालाच मिळणारी कुलुपं) एक घ्यावा लागतो: रजिस्टर वाचलं आणि शून्य नसलेला आकडा आला तर लॉक मिळाला, त्याच रजिस्टरला काहीही लिहिलं की सुटला. लॉक घेण्याआधी आपल्या कोअरचे इंटरप्टही बंद करा, नाहीतर लॉक हातात असताना आलेला इंटरप्ट तोच लॉक मागत कायमचा थांबेल.

आठ बिटांच्या एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर नुसतं वाचणंसुद्धा एकसंध नाही. १६ बिटांचा आकडा २५५ आहे. खालचा बाइट २५५ वाचला, तेवढ्यात इंटरप्टने आकडा २५६ केला, मग वरचा बाइट १ वाचला. हातात येतात ५११. ना जुना आकडा, ना नवा. तिथे वाचनही अ‍ॅटॉमिक ब्लॉकमध्ये घालावं लागतं.

आता रास्पबेरी पाय आणि दोनदा फ्री होणारा बफर. इथे तुम्ही घट अ‍ॅटॉमिक केली असणार, तरी प्रोग्रॅम कोसळतो, कारण कोड बहुतेक असा आहे: आधी ‘हातात’ एकने कमी करा, मग पुढच्या ओळीत ‘हातात’ शून्य आहे का बघा, असेल तर फ्री. आकडा २ आहे. पहिल्या थ्रेडने १ केला. दुसऱ्याने ० केला. आता पहिला आकडा बघतो, ० दिसतो. दुसरा बघतो, त्यालाही ०. दोघंही फ्री करतात. घट एकसंध होती, पण घट आणि तपासणी मिळून एकसंध नव्हती. निर्णय आकडा परत वाचून करायचा नाही, घट करणाऱ्या क्रियेनेच जे उत्तर दिलं त्यावरून करायचा. दर वेळी नेमक्या एकाच थ्रेडला ‘शेवटचा मी’ हे उत्तर मिळतं.

ते उत्तर जुनं की नवं, हे मात्र पाठ करून ठेवावं लागतं. सी११ चं फेच-सब घट होण्याआधीचा आकडा देतं, म्हणून शेवटच्याला १ मिळतो. विंडोजचं इंटरलॉक्ड-डिक्रिमेंट घटीनंतरचा आकडा देतं, तिथे शेवटच्याला ० मिळतो. जीसीसीच्या जुन्या सिंक फंक्शनांत दोन्ही प्रकार आहेत, नावात ‘फेच’ आधी असेल तर जुना, ‘सब’ आधी असेल तर नवा. एका प्लॅटफॉर्मवरचा कोड दुसरीकडे नेताना ही तुलना तशीच राहिली तर एक तर बफर कधीच सुटत नाही, नाहीतर कुणाच्या तरी हातात असतानाच सुटतो.

पुढचा मुद्दा क्रमाचा, म्हणजे एका थ्रेडचं मेमरीतलं काम दुसऱ्याला कोणत्या क्रमाने दिसतं याचा, आणि डेस्कटॉपवर चाचणी पास होऊन पायवर प्रोग्रॅम कोसळतो तो बहुतेकदा यामुळे. वाढ करताना ‘रिलॅक्स्ड’ (क्रमाची हमी न देणारा प्रकार) पुरतं, कारण वाढवणाऱ्याच्या हातात बफर आधीच असतो. घट करताना ‘रिलीज’ हवं: मी बफरमध्ये जे काही वाचलं-लिहिलं ते सगळं या घटीच्या आधी झालेलं दिसलं पाहिजे. आणि ज्याला शेवटचा १ मिळाला त्याने फ्री करण्याआधी ‘अ‍ॅक्वायर’ फेन्स घालायला हवा, म्हणजे इतरांचं काम पूर्ण दिसल्यावरच तो मेमरी सोडेल. एक्स८६ वर, म्हणजे डेस्कटॉपच्या नेहमीच्या प्रोसेसरवर, लॉक लावलेली प्रत्येक सूचना हा क्रम फुकटात पाळते, त्यामुळे तिथे निव्वळ रिलॅक्स्ड लिहिलं तरी सहसा दोष दिसत नाही. आर्मवर, म्हणजे पायच्या प्रोसेसरवर, तो दिसतो.

एक्स८६ चा विषय निघालाच आहे तर: तिथे मेमरीवर ‘इंक’ ही एकच सूचना आहे, म्हणून एका कोअरवर इंटरप्ट तिच्या मध्ये येत नाही. पण दोन कोअर असले की तीही वाचणं-वाढवणं-लिहिणं अशीच फुटते. ‘लॉक’ हा उपसर्ग लावला तरच ती एकसंध. जुना आकडा परत हवा असेल तर ‘लॉक एक्सअ‍ॅड’, ती ४८६ पासून आहे. फक्त शून्य झाला का एवढंच बघायचं असेल तर ‘लॉक डेक’ पुरतं, झीरो फ्लॅग तीच लावते. आकडा ६४ बाइटच्या कॅश लाइनच्या (कॅशमध्ये एकत्र येणारा मेमरीचा तुकडा) सीमेवर अर्धा-अर्धा पडला तर प्रोसेसर अख्खी बस अडवतो आणि सगळ्याच कोअरची गती बसते. पुन्हा तोच पॅक केलेल्या स्ट्रक्चरचा दोष.

पायच्या आवृत्तीचाही फरक पडतो. पाय ४ मधला कॉर्टेक्स-ए७२ अजून वाचा-लिहा-नापास-पुन्हा असाच लूप चालवतो. पाय ५ मधल्या ए७६ ला ‘एलडीअ‍ॅड’सारख्या एका सूचनेत बेरीज करणाऱ्या क्रिया येतात. जीसीसी १० पासून ६४ बिट आर्म लिनक्सवर कंपायलर दोन्ही प्रकार ठेवतो आणि चालताना प्रोसेसर बघून निवडतो, वेगळं काही करावं लागत नाही. पाय ४ वर मात्र डीबगरने या लूपमधून एकेक सूचना पुढे जाऊ नका. दर थांब्याला खूण पुसली जाते, लूप कधीच पास होत नाही, आणि कोड बरोबर असूनही अडकलेला वाटतो. जीडीबी हा डीबगर असा तुकडा ओळखून एका उडीत पार करायचा प्रयत्न करतो. ब्रेकपॉइंट लूपच्या पुढेच लावा.

शून्य झालेला बफर परत वाढवायचा नाही, हाही नियम सांभाळा. एखादा थ्रेड यादीतून बफर शोधून मग आकडा वाढवत असेल, तर मधल्या क्षणात तो शून्य होऊन फ्री झालेला असू शकतो. तिथे साधी वाढ चालत नाही. कम्पेअर-एक्स्चेंजचा लूप लागतो: आकडा वाचा, ० असेल तर माघार, नसेल तर ‘अजून तोच असेल तर एकने वाढव’. आणि हे वाचन होईपर्यंत तरी ती मेमरी जिवंत राहील, याची सोय यादीच्या लॉकने वेगळी करावी लागते. लिनक्स कर्नलमध्ये २०१७ साली, ४.११ आवृत्तीत, यासाठी ‘रेफकाउंट_टी’ हा वेगळा प्रकारच आणला. तो शून्यावरून वाढ झाली की इशारा देतो आणि आकडा भरून वाहू न देता एका ठरावीक आकड्यावर गोठवतो.

चार थ्रेडचे चार वेगळे काउंटर एका अ‍ॅरेत शेजारी ठेवले असतील तर ते ६४ बाइटवर लांब लांब ठेवा. एकाच कॅश लाइनवर असले तर उत्तर बरोबर येतं, पण लाइन कोअर-कोअरमध्ये फिरत राहते आणि वेग पडतो. दोनदा फ्रीचा दोष पकडायला थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडमधल्या अशा टकरी शोधणारं साधन) लावून एक रात्र प्रोग्रॅम चालवा.

बोर्डाची चाचणी पुन्हा तशीच घ्या, पण जनरेटर हाताने चालू-बंद न करता बर्स्ट मोडमध्ये मोजून पल्स द्या. मालकी वाटल्यावर ६ लाखांचे ६ लाख यायला हवेत. तरीही कमी आले, तर जुना कोड आणि नवा कोड दोन्हींमध्ये मुख्य लूपचा वेग बदलून बघा. लूप दुप्पट वेगाने फिरवल्यावर तूटही दुप्पट होत असेल तर कुठेतरी सामाईक लेखन अजून शिल्लक आहे. तूट तेवढीच राहत असेल तर दोष अ‍ॅटॉमिकचा नाही. एक्स्टर्नल इंटरप्टच्या प्रत्येक लाइनला पेंडिंगचा एकच बिट असतो. १० किलोहर्ट्झला दोन पल्समध्ये १०० मायक्रोसेकंद मिळतात, आणि दुसऱ्या एखाद्या इंटरप्टने, किंवा डिस्प्लेला डेटा पाठवताना कुणी इंटरप्ट बंद ठेवून, त्यापेक्षा जास्त वेळ घेतला तर दोन पल्सचा एकच इंटरप्ट होतो. ते कोणत्याही अ‍ॅटॉमिक सूचनेने परत मिळत नाहीत. मग टायमरचा एन्कोडर मोडच घ्या.